श्रीखंडाचे डबे आणि बेटांवरचे पाम: तीन गावांतल्या प्रकल्पाच्या नोंदी

२६ फेब्रुवारी २०२३, सांगली

सुरुवात लग्नात झाली. विश्रामबागकडं एका कार्यालयात मेव्हण्याच्या पोराचं लग्न, पंगतीला अजून वेळ होता म्हणून जरा बाहेर आलो तर गेटच्या दोन्ही बाजूंना दोन जुने बॉटल पाम आणि बुंध्याशी पिकलेल्या फळांचा सडा पडलेला. वॉचमनकाकांना विचारलं घेऊ का, तर म्हणाले "न्या की सगळी, झाडून झाडून कंबर मोडलीया माझी." आहेराची पिशवी मोकळीच होती. घरी येऊन मोजली, १२० भरली.

गंमत अशी आहे की हा बॉटल पाम (हायोफोर्बे लॅजेनिकॉलिस) आपल्याकडं पेट्रोल पंपावर, बंगल्यापुढं, कुठं नाही ते सांगा, आणि त्याचं स्वतःचं घर म्हणजे मॉरिशसच्या उत्तरेला समुद्रात असलेलं राउंड आयलंड, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा दगड, तिथं रानातली मोठी झाडं एकेकाळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. जगभर लाखांनी कुंड्यांमध्ये आणि घरी मूठभर. हे वाचल्यापासून डोक्यात होतंच की एकदा बी पासून करून बघायचं. २०१९ च्या पुरात गच्ची सोडून सगळं बुडालं तेव्हा खालच्या अंगणातल्या माझ्या साठेक कुंड्या गेल्या, त्यानंतर हात लावला नव्हता.

१ मार्च

फळं दोन दिवस भिजवून गर काढला. हातमोजे घालून, कारण एकदा शिराळ्याच्या रानात भेरली माडाची पिकली फळं मोकळ्या हातानं सोलली होती आणि रात्रभर हात बादलीत घालून बसलो होतो. गरात बारीक सुयांसारखे क्षार असतात काही पामच्या, ते कातडीत घुसतात. बॉटल पाम त्यातला आहे का नाही याची परीक्षा स्वतःच्या हातावर कशाला घ्या. गर ठेवला तर बी उगवायला उशीर होतो शिवाय मुंग्या, बुरशी, सगळं पाहुणेमंडळ येतं.

पाण्यावर १४ बिया तरंगल्या. तरंगतं ते फोल असं म्हणतात पण माझा विश्वास नाही, म्हणून वेगळ्या डब्यात ठेवल्या.

बाकीचा माल पण आला. बेंगळुरूचे एक हौशी गृहस्थ आहेत, रीतसर इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी (रोगकीड नसल्याचं) सर्टिफिकेट काढून बिया मागवतात, त्यांच्याकडून लटानिया लोडिजेसी ३० (निळी लटानिया, राउंड आयलंडचीच), ट्रँगल पाम ४५ (मादागास्कर), केंशिया ३० (ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला लॉर्ड हाव नावाचं बेट आहे तिथला). आणि केरळातल्या एका बागेतल्या झाडाच्या बेंटिंकिया निकोबारिकाच्या १२. हा आपलाच, निकोबारचा, रानात धोक्यात आलेला. नाव मात्र सतीबंदीवाल्या बेंटिंकचं.

संध्याकाळी तासगावचा आतेभाऊ आला. बिया बघितल्या आणि म्हणाला "जीएत बुडीव की, चार दिवसांत बाहेर." जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संप्रेरक. द्राक्षवाल्यांना ते म्हणजे गंगाजल, घड लांबवायचा तर जीए, मणी फुगवायचे तर जीए. मी नको म्हणत होतो, ऐकतोय कुठं. शेवटी बॉटल पामच्या १० बिया त्याच्या स्वाधीन केल्या, काय करायचं ते कर म्हणलं.

५ मार्च

पेरणी. कोकोपीट आणि धुतलेली जाड वाळू निम्मीनिम्मी. ओल किती ठेवायची तर मूठ घट्ट आवळली की गोळा व्हावा पण बोटांतून थेंब गळता कामा नये. भांडी म्हणजे श्रीखंडाचे डबे, बायकोनं पाडव्यापासूनचे साठवलेले, झाकणाला दोन भोकं. बी अर्धी दिसेल एवढीच दाबली, खोल घातली की कुजते.

खरा प्रयोग पुढं आहे. बॉटलच्या राहिलेल्या ९६ चे तीन वाटे, लटानिया १०-१०, ट्रँगल १५-१५, केंशिया १०-१०. एक वाटा इथं गच्चीवर शेडनेटखाली, एक जतला मामाकडं, एक महाबळेश्वरला मावशीकडं लिंगमळ्याच्या बाजूला. एकाच जिल्ह्या-दोन जिल्ह्यांत केवढा फरक आहे बघा, जतला पावसाची वाट बघत बघत म्हैसाळ योजनेचं पाणी कधी सुटतंय ते विचारतात आणि मावशीकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. तिन्हीकडं कमाल-किमान दाखवणारे स्वस्तातले थर्मामीटर दिले. बेंटिंकिया कुणाला दिला नाही, बाराच आहेत, माझ्याकडंच.

२ एप्रिल

ट्रँगल पाम फुटला! चार आठवड्यांत. डब्यात सहा बियांच्या बुडाशी पांढरी गुंडी, तांदळाच्या दाण्याएवढी. गच्चीवर डब्याच्या आत दुपारी ३४, पहाटे २४. उष्ण भागातल्या पामना ३० ते ३५ च्या मधली ऊब लागते, ती सांगलीत मार्चअखेर फुकट मिळते.

२१ एप्रिल

आज मूर्खपणा केला, लिहून ठेवतो.

लटानियाच्या डब्यात वरून काहीच दिसेना म्हणून एक बी उकरली. बी जागेवर, पण तिच्यातून सुतळीएवढी पांढरी दोरी खाली गेलेली. मला वाटलं हे मूळ, जरा सरळ करावं म्हणून उचललं तर कट्. दुसरी उकरली, तीही कट्. मग आई आली, बघून म्हणाली "अरे शिंदीच्या बीचं पण असंच असतंय, आधी जमिनीत जातंय मग लांबनं वर येतंय. ते मूळ नव्हं, कोंबच हाय त्यो."

बरोबर होतं तिचं. बॉटल, ट्रँगल, केंशिया यांचा कोंब बीच्या अंगाला चिकटूनच फुटतो. लटानिया, खजूर, ताड यांची बी मात्र आधी एक नळी खाली सोडते, तिच्या टोकाशी रोप असतं, आणि तिथून पान वर येतं. दर्याचा नारळ, तोच तो काष्ठौषधीच्या दुकानात तुकड्यानं मिळणारा, सेशेल्सचा जगातला सगळ्यात मोठ्या बीचा पाम, त्याची ही नळी तर काही मीटर लांब जाते म्हणे. म्हणजे श्रीखंडाच्या डब्यात लटानिया लावणं हीच मुळात चूक. उरलेल्या आठ बिया दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या कापून त्यात हलवल्या, तळाला भोकं पाडून. मामाला आणि मावशीला फोन करून सांगितलं, अजिबात उकरू नका.

१४ मे, जत

मामाकडं गेलो. हातपाय धुवायच्या आत विचारलं डबे कुठंत, तर मामा म्हणाला "निम्मं डाळिंबाखाली ठेवल्यात बघ, निम्मं पत्र्यावर. तूच म्हणालतास ऊब लागत्या." पत्र्यावर!! चढून बघितलं, थर्मामीटरची कमाल ५३. बॉटलच्या १६ आणि केंशियाच्या सगळ्या १०, उकडून निघाल्या. नखानं फोडली तर आतला गर पिवळा, भुईमुगाच्या करपलेल्या दाण्यासारखा. मामाला काय बोलणार, मीच अर्धवट सांगितलं होतं.

डाळिंबाखाली ठिबकच्या लॅटरलजवळचे डबे मात्र झकास. ट्रँगल १३ उगवलेत, १५ पैकी. लटानियाच्या चार बाटल्यांत पानाची अणी वर. ट्रँगलचं नवल नाही, तो मादागास्करच्या आग्नेय टोकाला ओलं रान संपून काटेरी कोरडं रान सुरू होतं तिथला आहे, त्याला जत परकं वाटायचं कारण नाही.

सांगलीत बॉटलचे पहिले कोंब पण याच आठवड्यात, म्हणजे दहा आठवडे लागले.

आतेभावाच्या जीएच्या दहापैकी सात आधी उगवल्या होत्या, हे मान्य करायला लागलं. पण रोपं बघितली तर उदबत्तीसारखी लांबडी, पिवळट, पान उघडायच्या आत आडवी. सातातली तीन टिकली. त्याला फोटो पाठवला, म्हणाला "डोस जास्त झाला आसंल." झालं, द्राक्षवाल्याचं नेहमीचं.

९ जुलै, महाबळेश्वर

मेढ्यातून केळघर घाटानं गेलो, धुक्यात दहा फूट दिसत नव्हतं. मावशीनं डबे पडवीत मांडलेले, एकावर एक, नीट ओळीत, तिचं काम कसं असतंय माहित्ये. झाकण काढलं की बुरशीचा वास. ट्रँगलचे चार कोंब मे महिन्यात आले होते ते कुजले. बॉटल शून्य. लटानिया शून्य. केंशिया शून्य. मेमध्ये दिवसा तिथं ३० च्या आसपास जातं पण रात्री १८-१९ ला उतरतं, आणि जूननंतर तर दिवसपण तेवढाच.

"तुझं बी मेलं वाटतं रे," मावशी म्हणाली, तिला खूपच लागलेलं. मी बॉटलची एक बी चाकूनं कापली. आत पांढरी, टणक, ओल्या खोबऱ्यासारखी. मेली नव्हती, थांबली होती.

मग बॉटलच्या २४ आणि लटानियाच्या सगळ्या १० सांगलीला परत आणायच्या ठरवल्या, ८ बॉटल तिथंच ठेवल्या तुलनेला. केंशियाचे दोन भाग, पाच घेतल्या, पाच ठेवल्या. स्ट्रॉबेरीच्या रोपांना मारायचं ट्रायकोडर्मा (कुज आवरणारी मित्रबुरशी) मावशीकडं होतंच, ते त्या ठेवलेल्या पाचांच्या डब्यात टाकलं. मावशीनं चहाबरोबर मक्याची भजी केली होती, ती खाल्ली आणि निघालो.

२० ऑगस्ट

पाऊस गायब. ऑगस्टमध्ये सांगलीत मेसारखं ऊन, शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालंय आणि माझे पाम मात्र खूश, हे लिहितानाही कसंतरीच वाटतं.

महाबळेश्वरहून आणलेल्या २४ पैकी ९ बॉटल सहा आठवड्यांत फुटल्या. तिथं चार महिने गप्प बसलेल्या! सांगलीच्या मूळ ३२ पैकी २३ झाल्या. तरंगणाऱ्या १४ मधल्या ३ पण. म्हणजे तरंगलं म्हणून फेकायचं नाही.

केंशियाची पहिली बी सांगलीत आज. साडेपाच महिने.

बेंटिंकिया पाच उगवले होते, काल रात्री उंदरानं दोन खाल्ले. नुसते कुरतडले नाहीत, बीच पळवली. उरलेल्या तिघांवर चाळणी उपडी घालून वर वीट ठेवलीय. निकोबारला २००४ च्या त्सुनामीत इंदिरा पॉइंटची जमीन सव्वाचार मीटर खाली गेली, किनारी रान खाऱ्या पाण्यात उभं राहिलं, त्यातून हे झाड तगलं आणि सांगलीच्या उंदरापुढं हात टेकले.

१९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

काम काही नाही, आज आरती आणि मोदक. पण एक लिहायचं राहून जायला नको. मॉरिशसलाही गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या भागातनं, कोकणातनं गिरमिटावर गेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं तिथं गणपती बसवतात. माझ्या गच्चीवरचा बॉटल पाम तिथला आणि तिथला गणपती इथला.

त्याच मॉरिशसला क्युरपिपच्या बागेत हायोफोर्बे अमॅरिकॉलिसचं एकच झाड आहे, सगळ्या जगात एकच. त्याला फुलं येतात, पण नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळ्या वेळी पिकतात, दुसरं झाड नाही, लॅबमध्ये बीतला भ्रूण वाढवायचेही प्रयत्न झालेत. आपला बॉटल पाम त्याचा सख्खा चुलतभाऊ. माझ्या गच्चीवर एकाची चाळीसच्या वर रोपं आणि दुसऱ्याचं एक काडीसारखं झालेलं म्हातारं झाड, असं आहे सगळं.

१० डिसेंबर

रात्रीचं तापमान १३ वर आलं आणि डबे झोपले. आतेभावाच्या पोल्ट्रीतलं अंडी उबवायचं जुनं मशीन बंद पडलेलं होतं, माझा धंदाच मोटर रिवाइंडिंगचा, हीटर आणि पंखा काढून दुरुस्त केलं, थर्मोस्टॅट ३७ वरनं ३१ ला आणला. अंड्यांच्या ट्रेमध्ये बरोबर एकेक बी बसते. वळवायचं यंत्र काढून टाकलं हे सांगायला नकोच, नाहीतर बिया तासातासाला कोलांट्या मारत्या. एका कप्प्यात केंशिया ठेवल्या, तो कप्पा पंख्यापासून लांब, २७-२८ च असतो. त्याला जास्त उष्णता नकोच.

१६ जानेवारी २०२४, महाबळेश्वर

संक्रांतीला मावशीकडं. येताना मुद्दाम बॉटलची चार आणि केंशियाची दोन रोपं घेऊन आलो आणि उघड्यावर ठेवली, मावशी नको नको म्हणत असताना.

पहाटे साडेसहाला तिनं उठवलं. स्ट्रॉबेरीच्या मल्चिंग पेपरवर, गवतावर, जीपच्या टपावर पांढरं, कुणीतरी रवा चाळून ठेवल्यासारखं. थर्मामीटर मात्र ४ दाखवत होता. आभाळ मोकळं, वारा शून्य, अशा रात्री पान आपली ऊब सरळ वर आभाळाला देऊन बसतं, हवेपेक्षा स्वतःच जास्त गार होतं, आणि वेण्णा तलावाकडच्या सखल भागात गार हवा येऊन साठते. म्हणून हवा ४ ला असतानाही पानावर हिमकण.

बॉटलची पानं नऊपर्यंत हिरवी दिसत होती, मला वाटलं वाचली. दुपारी काचेसारखी झाली, पारदर्शक, दुसऱ्या दिवशी चहाच्या रंगाची. केंशियाला काही नाही, दव झटकून उभी.

२ फेब्रुवारी

त्या चारातल्या एका बॉटलची मधली सुरळी चिमटीत धरून हलकेच ओढली, तर अलगद हातात आली. टोक हिरवं, बूड तपकिरी, बुळबुळीत, कुजक्या बटाट्याचा वास. पामचं हेच वाईट. आंब्याचा शेंडा गेला तर खालनं दहा फुटवे येतात, बॉटल पामला शेंडा एकच, तो गेला की झाड गेलं. चारही गेली. मावशी काही बोलली नाही, फोनवर फक्त "बरं" म्हणाली.

२८ एप्रिल

आता उलटं. सांगलीत ४१. केंशियाची सांगलीत चार झाली होती, त्यातल्या दोघांची पानं शेडनेटखाली असूनसुद्धा कडेनं भाजली, पापडासारखी. लॉर्ड हाव बेटावर समुद्राचा वारा, ना कडक उन्हाळा ना कडक थंडी, त्याला आमची गच्ची म्हणजे तवा. चारही रोपं उद्याच्या एसटीनं मावशीकडं. कंडक्टरनं एका माणसाचं तिकीट नाही मागितलं म्हणजे मिळवलं.

आणि मावशीचा फोन, त्या ठेवलेल्या पाच केंशियांतल्या तीन उगवल्या! चौदा महिन्यांनी! ८ बॉटलचा मात्र चिखल झाला. मशीनमधल्या पाचातल्या दोन केंशिया याआधीच आल्यात. म्हणजे मी इतके दिवस एकाच प्रश्नाला धरून बसलो होतो की कुठल्या गावात काय उगवतं. उगवायचं गाव एक आणि वाढायचं गाव दुसरं असू शकतं. पोरी माहेरी वाढतात आणि नांदतात दुसरीकडं, असं आई म्हणाली, पण केंशियाच्या बाबतीत तेपण धड लागू पडत नाही, तिचं माहेर-सासर दोन्ही मावशीकडंच.

२६ जुलै

आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चढतंय, चाळीस फुटांच्या आसपास जाईल म्हणतात. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं डोळ्यांनी बघितलंय. रात्री अकरापासून सगळ्या पिशव्या गच्चीवर नेल्या, शेजारचा पोरगा आणि मी. पायऱ्यांवर मोजली, बॉटल ३७. बाकीची वाटली, काही मेली. एक लटानिया हातातून सटकली, बाटली फुटली, आणि मुळाचा पसारा बघून थक्क झालो, वर तीन पानं वीतभर आणि खाली मूळ बाटलीच्या तळाला तीन वेढे घातलेलं. आता पीव्हीसी पाइपाचे दोन फुटी तुकडे कापतो.

लटानियाबद्दल एक शंका मनात आहे. देठ आणि पानाच्या शिरा लालसर आहेत, लोडिजेसीला लहानपणी लाली असतेच, पण दोनेक रोपं भलतीच तांबडी आहेत, रियुनियन बेटावरच्या तांबड्या लटानियासारखी. लटानियात नर-मादी झाडं वेगळी, बागेत शेजारी दुसऱ्या जातीचा नर असला की संकर ठरलेला. लेबलवर आता नुसतं "लटानिया, निळी?" असं प्रश्नचिन्हासकट लिहितो. बॉटलचं पण तेच, शेजारी रॉड्रिग्ज बेटावरचा स्पिंडल पाम असला तर भेसळ होते, पण कार्यालयाच्या गेटवर दोन्ही बॉटलच होते, मी परत जाऊन बघून आलो.

६ ऑक्टोबर, जत

जूनमध्ये ट्रँगलची नऊ रोपं मामाच्या बांधावर मुरमात लावली होती. पावसाळ्यात एकदाही पाणी न देता तरारली, आणि गेल्या आठवड्यात शेळीनं सात खाल्ली. मामाला वाईट वाटलं, म्हणाला "पोरानं दावं ढिलं बांधलं." मी म्हणलं मामा, राउंड आयलंडवर हेच झालंय. माणसांनी तिथं शेळ्या आणि ससे सोडले, त्यांनी शंभरेक वर्षं उगवलेलं रोप न् रोप खाल्लं, वर मोठी झाडं उभी आणि खाली पोर एक नाही. १९७९ पर्यंत शेळ्या काढल्या, १९८६ ला ससे, तेव्हा कुठं लटानिया आपोआप उगवायला लागली.

मामा ऐकून घेऊन म्हणाला, "मग त्यांनी शेळ्यांचं काय केलं?" त्याला पामचं काय पडलं नव्हतं, शेळीची काळजी.

खाल्लेल्या सातांत बोट घालून बघितलं. या वयात शेंडा जमिनीच्या बरोबरीला, पानांच्या पोटात असतो, पाचांची पोटं घट्ट आणि हिरवी. येतील बहुतेक. बाभळीचं काटेरी कुंपण घालून आलो.

१७ नोव्हेंबर

बेंटिंकियाच्या तिघांना पहिलं फाटलेलं पान आलं, तोपर्यंतची सगळी दोन बोटांसारखी होती. डॉगरिजच्या (द्राक्षाच्या खुंटरोपांच्या) लांब पिशव्यांत हलवली, आतेभावाकडून आणल्या, तेवढ्यासाठी तरी द्राक्षवाला नातेवाईक असावा.

त्याचाच फोन आला, मशीन परत पाहिजे, गावरान पिल्लं काढायचीत, दिवाळीनंतर भाव आहे म्हणाला. मशीनमध्ये केंशियाच्या तीन बिया आहेत अजून, २०२३ च्या मार्चमधल्या. एक अंगठ्यानं दाबून बघितली, कडक आहे. कोकोपीट नवीन घेतलं, श्रीखंडाच्या डब्यात घातल्या आणि फ्रिजच्या वर मागच्या बाजूला ठेवल्या, जिथं कॉम्प्रेसरची ऊब येते. बायकोला सांगितलंय, हा डबा धुवायचा नाही.